पाच दिवसांत सही करा म्हणतात, करू का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. विचारणारे गृहस्थ एडिसनजवळ राहतात, वय ४२, एच-१बीवर (कंपनीने मिळवून दिलेल्या कामाच्या व्हिसावर), एकाच कंपनीत सात वर्षं पूर्ण झालेली. सोमवारी एचआरने व्हिडिओ कॉल लावला आणि काही मिनिटांत नोकरी संपली. कंपनीच्या न्यू जर्सीतल्या ऑफिसातून त्याच आठवड्यात साठेक जण गेले. हातात एक करारपत्र आलं आहे: आठ आठवड्यांचा पगार मिळेल, पण शुक्रवारपर्यंत सही हवी. जानेवारीत ते वडिलांच्या बायपाससाठी मिरजेला गेले होते, त्यानंतर रेटिंग घसरलं. मॅनेजर भारतीयच आहे आणि 'टीम जरा यंग करायची आहे' असं दोनदा बोलून गेला आहे. शेवटी एक जोडप्रश्न: धाकटा भाऊ डॅलसला एका कन्सल्टन्सीत आहे, दोन महिने बेंचवर (म्हणजे क्लायंटचं काम नाही), पगार बंद.

शुक्रवारी सही करू नका. का, ते सविस्तर सांगते. मी न्यू जर्सीत कर्मचाऱ्यांच्या बाजूने वकिली करते. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात बसून हे वाचणाऱ्यांनी न्यू जर्सीपुरतं म्हणून जे सांगेन ते तिथे लागू धरू नये.

पहिली गोष्ट कडू आहे, ती आधीच सांगून टाकते. 'सात वर्षं इमानदारीत काम केलं, कारण न सांगता काढलं, हे बेकायदा नाही का?' असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही. अमेरिकेत नोकरी 'ॲट विल' असते. मालक कधीही, कोणत्याही कारणाने किंवा कारणाशिवाय काढू शकतो आणि तुम्हीही उद्या सोडून जाऊ शकता. याला ठळक अपवाद एकट्या माँटाना राज्याचा. तिथे १९८७च्या कायद्याने प्रोबेशन संपलेल्या माणसाला काढायला सबळ कारण लागतं. पुण्यातल्या कंपन्यांतला तीन महिन्यांचा नोटीस पिरियड इथे नाही. दोन आठवड्यांची नोटीस हा नुसता रिवाज आहे. म्हणजे अन्याय झाला आहे एवढ्यावर केस उभी राहत नाही. कायदा मना करतो अशा कारणासाठी काढलं, किंवा कायद्याने जे द्यायलाच हवं होतं ते न देता काढलं, तर केस आहे. तुमच्या बाबतीत दुसरा भाग तर सरळसरळ दिसतो आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

न्यू जर्सीचा सामूहिक कपातीचा कायदा एप्रिल २०२३मध्ये बदलला आणि देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक झाला. कंपनीत १०० किंवा जास्त माणसं असतील, तुमचं ऑफिस तीन वर्षांहून जुनं असेल आणि तीस दिवसांच्या आत राज्यातली ५० किंवा जास्त माणसं कमी केली असतील, तर कंपनीने ९० दिवस आधी लेखी नोटीस द्यायला हवी. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यायलाच हवा. पूर्वी नोटीस चुकली तरच हा पगार द्यावा लागे. आता नोटीस दिली तरी तो द्यावाच लागतो, आणि ९० दिवसांपेक्षा कमी नोटीस दिली तर वर आणखी चार आठवडे.

आता तुमचा हिशोब. सात वर्षांचे सात आठवडे. नोटीस शून्य दिवस, म्हणून चार. एकूण अकरा. कंपनी देते आहे आठ, आणि तेही तुम्ही सगळे दावे सोडून दिलेत तर. कायद्याने जे अकरा आठवडे तुमचेच आहेत, त्यातले आठ मेहेरबानी म्हणून पुढे करून वर सही मागायची, याला आपल्याकडे तोंडाला पानं पुसणं म्हणतात. आणि खुबी अशी की या कायद्याखालच्या पगारावरचा हक्क तुम्ही सही करूनही सोडू शकत नाही. त्याला राज्याच्या कामगार आयुक्तांची किंवा कोर्टाची मंजुरी लागते. कंपनीला तुमचे बाकीचे दावे विकत घ्यायचे असतील, तर अकराच्या वर काहीतरी द्यावं लागेल.

या सगळ्याला 'साठेक' या शब्दाचा आधार आहे, तो पक्का करा. सोबत गेलेल्यांशी बोला. बोलायला घाबरू नका. पगार आणि नोकरीच्या अटी यांबद्दल सहकाऱ्यांनी आपसात बोलणं १९३५च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने संरक्षित आहे, युनियन असो वा नसो. (ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशा सुपरवायझरना मात्र हे संरक्षण नाही.) तुमचा आकडा ५०च्या खाली निघाला तर माझं वरचं गणित कोसळतं. केंद्राचा १९८८चा वॉर्न कायदा वेगळा आहे: ६० दिवसांची नोटीस आणि सहसा त्या जागेवरची किमान एक तृतीयांश माणसं गेलेली असणं ही अट. मोठ्या ऑफिसातून साठ गेले तर तो लागू होत नाही. न्यू जर्सीने ती एक तृतीयांशाची अट काढून टाकली आहे. कॉन्फरन्स रूममध्ये बसलेल्या कंपनीच्या वकिलांनाही कधी कधी हा फरक माहीत नसतो, विशेषतः मुख्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर.

दुसरी गोष्ट तुमच्या वयाची. चाळिशी ओलांडलेल्यांना १९६७च्या वयभेदविरोधी कायद्याचं संरक्षण आहे, कंपनीत २० माणसं असली की. त्याला १९९०मध्ये एक जोड मिळाली आणि ती तुमच्या शुक्रवारच्या मुदतीवर थेट लागू होते. चाळिशीपुढच्या माणसाकडून वयभेदाचा दावा सोडून घ्यायचा असेल, तर एकट्याला काढताना किमान २१ दिवस आणि गटाने काढताना किमान ४५ दिवस विचाराला द्यावे लागतात. सहीनंतरही सात दिवस सही मागे घेता येते. करारात 'वकिलाचा सल्ला घ्या' असं लेखी सांगावं लागतं. गटाने काढताना सोबत एक यादीही द्यावी लागते: कोणत्या विभागातून निवड झाली, निवडलेल्यांची पदं आणि वयं, न निवडलेल्यांची पदं आणि वयं. नावं नसतात.

ती यादी तुमच्या पाकिटात आहे का बघा. बहुतेक वेळा ती शेवटी 'एक्झिबिट' म्हणून जोडलेली असते आणि कोणी पाहतही नाही. डावीकडे पद, मग वय, मग 'निवड झाली' आणि 'निवड झाली नाही' अशा दोन रकान्यांत आकडे. सीनियर इंजिनियर, वय ४४: एक, शून्य. सीनियर इंजिनियर, वय ४७: दोन, शून्य. सीनियर इंजिनियर, वय २९: शून्य, तीन. असं काही दिसलं तर 'टीम यंग करायची आहे' हे वाक्य नुसती बडबड राहत नाही. यादीच नसेल, किंवा पाचच दिवस दिले असतील, तर त्या कराराने वयभेदाचा दावा सुटत नाही. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असंही सांगितलं की अशा सदोष करारावर सही करून पैसे घेतले असले, तरी ते परत न करता वयभेदाचा दावा लावता येतो. पण बाकीचे दावे, म्हणजे रजेचा, वंशाचा, मूळ देशाचा, त्या सहीने जाऊ शकतात. म्हणून 'करार सदोष आहे, सही करून टाकू, नंतर बघू' हा शहाणपणा करू नका.

मग माणसं घाईत सही का करतात? पैशांसाठी फार थोडे. खरं कारण व्हिसा. सही केली नाही तर कंपनी इमिग्रेशनला काहीतरी कळवेल, किंवा सही होईपर्यंत साठ दिवस मोजले जाणार नाहीत, अशा दोन्ही बाजूंच्या गैरसमजुती मी ऐकल्या आहेत. दोन्ही चूक. नोकरी संपल्यानंतरचे साठ दिवस तुमच्या सहीवर अवलंबून नाहीत. २०१७पासून नियम असा आहे: नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ (अमेरिकेत राहायच्या परवानगीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, इथे राहता येतं. सही करा, न करा, घड्याळ चालूच आहे. आणि सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी जाताना मिळणाऱ्या पगाराचे, आठवडे त्यात धरले जात नाहीत. आठ आठवड्यांचा पगार एकरकमी मिळाला म्हणून आठ आठवडे नोकरी चालू राहिली असं होत नाही.

इथे वाटाघाटीची एक जागा आहे आणि आपली माणसं ती हमखास सोडतात. इमिग्रेशन खातं सर्वसाधारणपणे शेवटचा पगार ज्या दिवसाचा दिला, त्यावरून नोकरी संपल्याची तारीख ठरवतं. म्हणून जास्त पैसे मागण्याआधी तारीख मागा. 'मला आणखी सहा आठवडे पगारपत्रकावर नियमित कर्मचारी म्हणून ठेवा, काम देऊ नका, नोकरीची शेवटची तारीख पुढे ढकला.' कंपनीला याचा खर्च एकरकमी पैशांइतकाच येतो. एच-१बीवाल्याला ते सहा आठवडे सोन्याच्या भावाचे. अशा बिनकामाच्या नोटीस काळाकडे अधिकारी कसं बघतात हे कागद कसा लिहिला आहे त्यावर ठरतं, तेव्हा ते वाक्य स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या. स्वतःच्या म्हणते आहे. कंपनीने नेमलेला वकील, ज्याच्याशी तुम्ही सात वर्षं मोकळेपणाने बोलत आलात, त्याचे पैसे कंपनी देते. त्याला तुमच्या तक्रारी सांगू नका.

साठ दिवसांत करायच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, पटकन सांगते. नव्या कंपनीने या मुदतीत एच-१बीचा अर्ज दाखल केला की अर्ज पोचल्यावर काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पत्नी एच-१बीवर असेल तर एच-४, म्हणजे तिच्या आधाराने मिळणारा व्हिसा. काहीच जमलं नाही तर मुदतीच्या आत बी-२ या पर्यटक व्हिसासाठी अर्ज, पण त्यावर काम करता येत नाही. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने ते मागे घेतलं तरी ते आपोआप रद्द होत नाही आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख, तुमचीच राहते. मुदतीआधी काढलं असल्याने तुमच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. फक्त तुमचा, बायको-मुलांचा नाही.

आरोग्य विम्याचं एक व्यवहारी गणितही इथेच. कोब्रा नावाच्या कायद्याखाली कंपनीचा जुना विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के तुमच्या खिशातून. निर्णयाला ६० दिवस असतात आणि निवड केली की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून पहिल्याच दिवशी घाबरून चेक लिहू नका. नवी नोकरी महिन्याभरात लागली आणि मधे कोणी आजारी पडलं नाही, तर तो खर्च वाचतो. कोणी आजारी पडलंच, तर मुदतीत फॉर्म भरा.

आता जानेवारीची रजा. तुम्ही लिहिता की मॅनेजर म्हणाला, 'पीटीओ (पगारी सुट्टी) वापर, आणि तिथून रात्री लॉगिन कर.' मिरजेच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून तुम्ही स्टँडअप कॉल घेतलेत. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात दमदार गोष्ट कदाचित हीच आहे. १९९३च्या कौटुंबिक रजा कायद्याने आई, वडील, नवरा-बायको किंवा मूल गंभीर आजारी असेल तर वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा हक्काने मिळते आणि परत आल्यावर तेच किंवा त्याच तोलाचं काम मिळालं पाहिजे. अटी: ७५ मैलांच्या परिघात कंपनीची ५० माणसं, तुमची एक वर्षाची नोकरी, मागच्या बारा महिन्यांत १,२५० तास काम. तुम्ही तिन्हींत बसता असं दिसतं.

लोकांना वाटतं की वडील भारतात म्हणून हा कायदा लागू नाही. लागू आहे. कामाची जागा इथली असली की झालं, आजारी माणूस कुठेही असो. भारतातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र कंपनीला मानावं लागतं. ते इंग्रजीत नसेल तर भाषांतर मागू शकतात, एवढंच. दुसरा गैरसमज असा की अर्जात कायद्याचं नाव घ्यायला हवं होतं. तेही नको. 'वडिलांची बायपास आहे, सहा आठवडे जायचं आहे' एवढं मॅनेजरला कळलं की पाच कामकाजाच्या दिवसांत तुमचे हक्क लेखी कळवणं ही कंपनीची जबाबदारी. तसं न कळवता तुमची सुट्टी खर्ची घातली आणि वर काम करून घेतलं, तर ती हक्कात ढवळाढवळ ठरू शकते. परतल्यावर त्याच कारणाने रेटिंग पाडलं असेल तर तो सूड, आणि त्या रेटिंगवरून कपातीची यादी बनली असेल तर साखळी पूर्ण होते. दाव्याला दोन वर्षं, हेतुपुरस्सर केलं असेल तर तीन. पण हा दावा सेव्हरन्सच्या सहीने जातो. आता कळलं असेल शुक्रवारची घाई कोणाला आहे ते.

जाता जाता, सासू-सासऱ्यांसाठी केंद्राचा कायदा रजा देत नाही. न्यू जर्सीचा देतो. मुलीच्या आईवडिलांच्या आजारपणात जावयाला आणि मुलाच्या आईवडिलांच्या आजारपणात सुनेला हे उपयोगी पडतं, आणि सुनांना जास्त वेळा पडतं हे मी वेगळं सांगायला नको.

मॅनेजर आपलाच आहे, मग भेदभाव कसा म्हणता येईल, हा तुमचा प्रश्न. म्हणता येतो. वयभेदाला मॅनेजरच्या पासपोर्टशी काही देणंघेणं नाही. मूळ देश, वंश, लिंग, धर्म यांच्यावरून भेदभावाला १९६४चा नागरी हक्क कायदा मना करतो, आणि करणारा त्याच गटातला असला तरी सर्वोच्च न्यायालय त्याला सूट देत नाही. जातीबद्दलही मला विचारणारे असतात, सहसा दार लावून घेतल्यावर. केंद्रीय कायद्यात 'जात' हा शब्द नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल हे जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं. तो ठराव आणणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवलं. आधीच्या कायद्यांत हे झाकलं गेलं आहे, हे त्यांचं म्हणणं. तेव्हा जातीवरून त्रास होत असेल तर दावा वंश किंवा मूळ देश या नावाखाली मांडावा लागतो. अवघड आहे, अशक्य नाही.

मुदती लिहून फ्रीजवर लावा. केंद्राच्या समान संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, न्यू जर्सीतून तक्रार ३०० दिवसांत जायला हवी, आणि ते दिवस तुम्हाला काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. शेवटच्या पगाराच्या तारखेपासून नाही. राज्याच्या कायद्याखाली कोर्टात जायला दोन वर्षं. नोकरीत लागताना एखाद्या फॉर्मवर क्लिक करून तुम्ही लवादाला मान्यता दिली असेल तर कोर्टाचं दार बंद होऊ शकतं, पण ईईओसीचं होत नाही. तिथे तक्रार करण्याचा हक्क सेव्हरन्स करारातही काढून घेता येत नाही. तक्रारीला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागत नाही आणि भारतात परत गेलात म्हणून दावा मरत नाही.

पुरावा: आठवेल तसा सगळा घटनाक्रम आजच लिहून काढा, तारखा, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं. मॅनेजरचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. तुम्ही रागाने काही लिहिलं असेल तर तेही पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा ठपका त्या मेसेजपेक्षा महाग पडतो. पगाराच्या पावत्या, ऑफर लेटर, रेटिंगची पत्रं, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र) जपा. कंपनीचा लॅपटॉप अजून उघडत असेल तर मेल आणि कोड स्वतःच्या जीमेलवर पाठवण्याचा मोह आवरा, नाहीतर तुम्ही वादी न राहता प्रतिवादी व्हाल. फोन रेकॉर्ड करायचा विचार असेल तर न्यू जर्सीत एका बाजूची संमती पुरते, कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते. पलीकडचा माणूस कॅलिफोर्नियात असेल तर बटण दाबू नका.

भावाचं प्रकरण सोपं आहे आणि संतापजनकही. क्लायंट नाही म्हणून एच-१बीवाल्याचा पगार थांबवता येत नाही. काम देणं ही कंपनीची अडचण. एलसीएमध्ये (एच-१बीसाठी कंपनीने श्रम विभागाकडे केलेल्या अर्जात) लिहिलेला पगार चालू राहिला पाहिजे. अपवाद त्याने स्वतः सुट्टी मागितली असेल तर. कंपनी म्हणेल 'तुला काढूनच टाकलं होतं', पण तसं असेल तर त्याला कळवलेलं हवं, इमिग्रेशन खात्याला कळवलेलं हवं आणि परतीचा खर्च देऊ केलेला हवा. हे झालं नसेल तर पगाराची देणेदारी चालूच. तक्रार केंद्रीय श्रम विभागाच्या वेज अँड अवर शाखेकडे, डब्ल्यूएच-४ नावाच्या फॉर्मवर, फुकट, आणि उल्लंघनानंतर १२ महिन्यांच्या आत. तक्रार केली म्हणून त्रास देणंही बेकायदा आहे. या भांडणापायी त्याचं स्टेटस गेलं तर नवा अर्ज करताना तक्रारीची प्रत जोडावी, इमिग्रेशन खातं ती परिस्थिती विचारात घेऊ शकतं. 'मुदतीआधी सोडलंस तर दहा हजार डॉलर भर' अशी धमकी असेल तर तो करार वकिलाला दाखवा. लवकर सोडल्याचा दंड लावता येत नाही. खऱ्या नुकसानीची भरपाई म्हणून आधी ठरवलेली वाजवी रक्कम काही राज्यांत चालते, आणि भांडण याच दोघांतल्या रेषेवर होतं. एच-१बीच्या अर्जाची फी आणि त्याच्या वकिलाची फी मात्र कंपनीचा खर्च, तो पगारातून कापून ठरलेल्या पगाराखाली नेता येत नाही.

आज संध्याकाळी एचआरला एवढंच लिहा, गोड भाषेत: 'करार मिळाला, वकिलाकडून वाचून घेतो आहे. माझं वय चाळीसच्या पुढे असल्याने कायद्याप्रमाणे ४५ दिवसांची मुदत आणि पदं-वयांची यादी पाठवावी. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे देय असलेल्या सेव्हरन्सचा हिशोब वेगळा कळवावा.' रजेबद्दल, मॅनेजरबद्दल, 'यंग'बद्दल एक अक्षर नको, ते वकिलाच्या पत्रात येऊ द्या. वकील शोधताना कर्मचाऱ्यांच्या बाजूने काम करणारा शोधा. करार तपासायला सहसा ठरावीक फी घेतात आणि दावा लढवायचा झाला तर बरेच जण वसुलीतल्या हिश्श्यावर काम करतात. भेटीला जाताना करारपत्र, ती यादी, जानेवारीतले मेल आणि मिरजेच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.